मैदानावर बर्फ पडू द्या

१० डिसेंबर २०१७ची दुपार. बफलो शहराजवळच्या ऑर्चर्ड पार्कमध्ये बफलो बिल्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता, पण टीव्हीवर मैदान असं काही दिसतच नव्हतं. नुसता पांढरा पडदा आणि त्यामागे हलणाऱ्या माणसांच्या सावल्या. सामना संपायला सव्वा मिनिट उरलं होतं आणि कोल्ट्स एका गुणाने मागे होते. बरोबरी साधायची तर चेंडू खांबांच्या मधून मारायचा, आणि तोही एका पेनल्टीमुळे दहा यार्ड मागे सरकून, ४३ यार्डांवरून. किक मारणार होता अ‍ॅडम विनाटिएरी, वय ४४. त्याचे सहकारी बुटांनी बर्फ बाजूला सारत होते. अंगणात पाट मांडण्याआधी जागा साफ करावी, तशी हातभर जमीन त्यांनी मोकळी केली. चेंडू उडाला, बर्फात दिसेनासा झाला आणि खांबाखाली उभ्या पंचांचे हात वर गेले. ७-७.

थोड्याच वेळात, जादा वेळ सुरू होण्याआधीच, तोच विनाटिएरी पुन्हा ४३ यार्डांवर उभा राहिला. या वेळी चेंडू आत गेला असता तर कोल्ट्स जिंकलेच असते. तो बाहेर गेला. पाय तोच, अंतर तेच, बर्फही तोच. पुढे जादा वेळेत बफलोच्या लेशॉन मकॉयने २१ यार्डांची धाव घेऊन सामना संपवला.

मी तेव्हा बफलोपासून सव्वा तासावर, रॉचेस्टरला राहत होते. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला आईला त्या सामन्याचा व्हिडिओ दाखवला. तिने शेवटपर्यंत बघितला आणि विचारलं, "अगं, आपल्याकडे दोन थेंब पडले तर खेळपट्टी झाकतात. ही माणसं थांबत का नाहीत?"

तेव्हा तिला मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. आता नीट द्यायची वेळ आली आहे, कारण अमेरिकेतल्या थंड प्रदेशांतली शहरं एकामागून एक आपल्या फुटबॉल मैदानांवर छप्पर घालायला निघाली आहेत, आणि त्यात करदात्यांचा भरपूर पैसा ओतला जातो आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ही मैदानं उघडी ठेवा. बर्फातला सामना ही या खेळाची अडचण नाही, ती त्याची सर्वांत मोठी श्रीमंती आहे. पण त्यासाठी जी कारणं नेहमी दिली जातात, ती मला पटत नाहीत. माझी कारणं वेगळी आहेत.

आधी खेळाबद्दल. अमेरिकन फुटबॉल हा अंडाकृती चेंडूचा, हाताने फेकण्याचा आणि पळवण्याचा खेळ. जगातल्या सांघिक खेळांत याच्याइतका आखीव खेळ क्वचितच असेल. प्रत्येक चालीचं चित्र आधी काढलेलं असतं. १९९४पासून क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, हेल्मेटमध्ये रेडिओ बसवायला परवानगी आहे, म्हणजे प्रशिक्षक बाजूला उभं राहून थेट त्याच्या कानात चाल सांगतो. कोणी किती पावलं पळायचं, कुठे वळायचं, वळल्यावर चेंडू कुठे येईल, सगळं घोटून घेतलेलं. कौशल्य म्हणून हे अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आठवडाभर बंद खोलीत ठरलेली गोष्ट रविवारी मैदानावर पार पाडली जाते, असं बऱ्याचदा वाटतं.

सहा इंच बर्फ पडला की तो कागद निम्मा रद्द होतो. मैदानावरच्या रेषा जातात. टीव्हीवर दिसणारी ती पिवळी रेषा, किती यार्ड हवेत हे दाखवणारी, तीही गडबडते. मैदानाचा हिरवा रंग ओळखून संगणक ती रेषा काढत असतो, आणि इथे हिरवं काही उरलेलंच नसतं. ओला चेंडू बोटांतून निसटतो, लांबचा पास धोक्याचा होतो. किक मारणाऱ्याचा खरा प्रश्न चेंडूला लागणाऱ्या पायाचा नसतोच, तो असतो दुसऱ्या पायाचा, जो जमिनीत घट्ट रोवायचा असतो. तो सरकला की संपलं. म्हणून संघ किकचा नाद सोडतात आणि पळत सुटतात.

आणि पळण्यात एक गंमत दडलेली असते. ज्याच्याकडे चेंडू आहे, त्याला आपण कुठे वळणार हे ठाऊक असतं. अडवणाऱ्याला ते नसतं. तो नेहमी पाव क्षण मागे असतो. कोरड्या गवतावर तो जोरात पाय रोवून ती पिछाडी भरून काढतो. बर्फावर त्याचा पाय सरकतो आणि तो पाव क्षण कायमचा हातचा जातो. मकॉय हे बरोबर ओळखून होता. ८ डिसेंबर २०१३ला फिलाडेल्फियात तो ईगल्सकडून डेट्रॉइट लायन्सविरुद्ध खेळत होता. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, जवळजवळ आठ इंच बर्फ पडला होता. सुरुवातीला १४-०ने मागे पडलेल्या ईगल्सनी एकट्या शेवटच्या पावात, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, २८ गुण कमावले. टचडाउन म्हणजे चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेणं; त्यानंतरचा एक गुण किक मारून घ्यायच्या ऐवजी ते चेंडू हातात घेऊन दोन गुणांसाठी पळत राहिले. मकॉय एकटा त्या दिवशी चेंडू घेऊन एकूण २१७ यार्ड धावला. त्याचं पळणं मला अजून आठवतं. वळायच्या आधी तो लहान पावलं टाकी, जवळजवळ थबके, समोरचा माणूस घसरून पुढे जाऊ देई आणि मग त्याच्या बाजूने निघून जाई. पहाटे शेवाळलेल्या पायऱ्या उतरणारं माणूस जसं पाऊल टाकतं, तसं. बारा महिने छताखाली खेळणाऱ्याला हे पाऊल येणार कुठून?

त्या २१७ यार्डांनी ईगल्सचा ६४ वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. तो २०५ यार्डांचा विक्रम स्टीव्ह व्हॅन ब्युरेनने १९४९ साली केला होता. हाच व्हॅन ब्युरेन त्याच्या आदल्या वर्षी, १९ डिसेंबर १९४८ला, सकाळी खिडकीबाहेरचं वादळ बघून पुन्हा अंथरुणात शिरला होता. आज काही अंतिम सामना होत नाही, असं त्याला वाटलं. होणार आहे असं कळल्यावर तो ट्रॉली पकडून शाइब पार्कला पोहोचला. तिथे मैदानावरचं ताडपत्रीचं आच्छादन बर्फाच्या वजनाने इतकं जड झालं होतं की ते ओढायला खेळाडूंनाच हात लावावा लागला. शिकागो कार्डिनल्सविरुद्धचा तो सामना ७-०ने संपला, आणि त्यातलं एकमेव टचडाउन व्हॅन ब्युरेनचं. आणि जानेवारी २०२५मध्ये, त्याच शहरात, लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध बर्फ कोसळत असताना ईगल्सच्याच सेक्वॉन बार्कलीने ७८ यार्डांची धाव घेत संघाला पुढच्या फेरीत नेलं. त्याचे त्या दिवशीचे यार्ड किती? २०५. एका शहराच्या तीन पिढ्यांना जोडणारा हा धागा छताखाली तयार झाला नसता.

आता आईच्या प्रश्नातला खरा मुद्दा. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. हवामानाने खेळात हात घातला तर आपल्याला अन्याय वाटतो, आणि त्याला कारण आहे. जुलै १९५२मध्ये विजय हजारेंचा भारतीय संघ मँचेस्टरला उतरला तेव्हा इंग्लंडमध्ये खेळपट्ट्या झाकत नसत. इंग्लंडने आधी फलंदाजी करून डाव घोषित केला. मग पावसाने भिजलेल्या खेळपट्टीवर भारताची पाळी आली. फ्रेड ट्रूमनने ३१ धावांत ८ बळी घेतले आणि भारत एकाच दिवसात दोनदा बाद झाला, ५८ आणि ८२ धावांत. सांगलीच्या हजाऱ्यांचा तो दिवस आठवला की खेळपट्ट्या झाकायला लागले ते बरंच झालं, असंच वाटतं. क्रिकेटमध्ये पाऊस एका संघाच्या वाट्याला येतो आणि दुसऱ्याच्या येत नाही.

फुटबॉलमध्ये तसं होत नाही. दोन्ही संघ एकाच वेळी त्याच बर्फात असतात. पहिला आणि तिसरा पाव संपला की बाजू बदलतात, मध्यंतरानंतरही बदलू शकतात, त्यामुळे वारासुद्धा आलटून पालटून दोघांना मिळतो. क्रिकेटचा मापदंड इथे लावला की चुकतो. इथे बर्फ दोघांनाही सारखाच छळतो, आणि सारख्या छळात कोण जास्त शहाणपणाने वागतं हेच बघायचं असतं.

ही समानता किती नाजूक आहे, हे १२ डिसेंबर १९८२ला दिसलं. न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध मायामी डॉल्फिन्स, फॉक्सबरोचं मैदान, शेवटच्या पावात ०-०. रेषा मोकळ्या करण्यासाठी ब्रश लावलेला एक छोटा ट्रॅक्टर सामन्यात अधूनमधून फिरत होता, त्याला परवानगी होती. पेट्रियट्सचा जॉन स्मिथ ३३ यार्डांवरून किक मारायला उभा राहणार, तेवढ्यात ट्रॅक्टर पुन्हा मैदानात आला, रेषेवरून जाता जाता वळला आणि नेमकी स्मिथची जागा झाडून पुढे गेला. चालवणारा होता दिवसाच्या कामासाठी तुरुंगातून बाहेर सोडलेला एक कैदी. किक आत गेली, पेट्रियट्स ३-० जिंकले. मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला यांनी तक्रार केली, निकाल मात्र बदलला नाही. पुढे लीगने, म्हणजे हे सामने भरवणाऱ्या एनएफएलने, सामना चालू असताना असं यंत्र वापरायला बंदी घातली. हा किस्सा आज सगळे हसत सांगतात. तो ट्रॅक्टर पेट्रियट्सच्या संग्रहालयात मानाने ठेवला आहे. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. बर्फात खेळायचं तर दोघांनी सारख्या बर्फात खेळायचं. ही एक अट मोडली की बाकी सगळं बोलणं पोकळ होतं. त्या दिवशी शूला बरोबर होते.

इथे मला बर्फातल्या सामन्यांच्या चाहत्यांशीच भांडायचं आहे. त्यांच्यातला एक मोठा वर्ग बर्फ आणि गारठा यांत फरक करत नाही. त्यांच्या लेखी हे सगळं मर्दुमकीचं प्रकरण. ३१ डिसेंबर १९६७चा ग्रीन बेचा सामना ते देव्हाऱ्यात ठेवतात. पॅकर्स आणि डॅलस काऊबॉईज, तापमान उणे २५ सेल्सिअस, मैदानाखालची उष्णता देणारी यंत्रणा बंद पडलेली, पंचांच्या शिट्या गोठलेल्या. शेवटची तेरा सेकंदं उरली असताना बार्ट स्टारने स्वतःच चेंडू घेऊन घुसून २१-१७ असा विजय मिळवला. तो क्षण थोर आहे, मान्य. पण त्या दिवशी बर्फ पडत नव्हता. होता तो निव्वळ जीवघेणा गारठा. बर्फ साधारण शून्याच्या आसपास, उणे दोन-चारला पडतो तेव्हा खेळाला रूप देतो. जमीन मऊ होते, पडणारा उशीसारख्या थरावर पडतो, खेळाडूंना नव्या युक्त्या शोधाव्या लागतात. उणे वीसला जमीन दगड होते, चेंडूही दगड होतो आणि खेळात नवं काहीच येत नाही. फक्त माणसं सोसतात.

रॉचेस्टरमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी मला बर्फ ओळखायला शिकवला. मूठभर उचलायचा आणि दाबायचा. गोळा झाला तर बाहेर पडायला हरकत नाही, फावडं मात्र जड जाणार. पिठासारखा बोटांतून गळून गेला तर आत जायचं आणि दार लावायचं. इतकी साधी परीक्षा. पण ती लीगच्या वेळापत्रकात कुठेही नाही.

१३ जानेवारी २०२४ला कॅन्सस सिटीत चीफ्स आणि डॉल्फिन्स यांचा सामना उणे २० सेल्सिअसमध्ये रात्री खेळवला गेला. वेळ ठरली होती प्रक्षेपणाच्या सोयीने. तो बघायला गेलेल्यांपैकी काही जणांची बोटं हिमदंशामुळे पुढे कापावी लागली. बोटं! कशासाठी? या सामन्याचं कौतुक "खरे चाहते" म्हणून झालं, ते मला सहन होत नाही. तिकीट काढून बसणारा निदान आपल्या मर्जीने बसतो. जिन्यावर उभा राहून तिकिटं तपासणारा, कॉफी विकणारा, पार्किंगमध्ये गाड्या वळवणारा, हे सगळे त्या रात्रीच्या मजुरीसाठी उभे असतात. त्यांच्या अंगावर महागड्या जॅकेटांचे थर नसतात. बर्फ मला हवा आहे, पण त्यासाठी कोणाचं बोट जाणार असेल तर नको. अमुक तापमानाखाली सामना दुपारी हलवायचा किंवा दिवस पुढे ढकलायचा, असा लेखी नियम लीगने आजच करावा.

दुसरी मर्यादा रस्त्याची. बफलोचा बर्फ येतो ईरी तळ्यावरून. हिवाळ्याच्या सुरुवातीला तळं अजून गोठलेलं नसतं. त्याच्या लांबीवरून थंड वारा वाहत येतो, कोमट पाण्याची वाफ उचलतो आणि काठावर पोहोचताच ती बर्फ म्हणून सोडून देतो. हा पट्टा इतका अरुंद असतो की शहराच्या उत्तरेला ऊन आणि दक्षिणेला गाड्या गाडल्या गेलेल्या, असं सहज घडतं. ऑर्चर्ड पार्क त्या दक्षिणेच्या बाजूला आहे. २०१४च्या आणि पुन्हा २०२२च्या नोव्हेंबरमध्ये तिथे माणूसभर उंचीचे ढीग लागले आणि बिल्सचे घरचे सामने डेट्रॉइटला, छताखाली हलवावे लागले. ते योग्यच होतं. त्याच २०२२च्या नाताळात बफलो परिसरात जे वादळ आलं त्यात चाळीसहून अधिक माणसं गेली. कोणी गाडीत अडकून, कोणी गारठलेल्या घरात. शहरात जीव गमावलेल्यांत गरीब वस्त्यांतली कृष्णवर्णीय माणसं जास्त होती. ज्या शहराने हे भोगलं, तिथे "बर्फ म्हणजे मजा" असं लिहिताना हात थांबला पाहिजे. रुग्णवाहिका जाऊ शकत नसेल तर सामना होता कामा नये. आणि तो निर्णय घ्यायचा अधिकार रस्ते सांभाळणाऱ्यांना हवा. ज्याने जाहिराती विकल्या आहेत त्याच्या हातात तो नको.

एवढं मान्य केल्यावर छपरवाले म्हणतात, मग छप्परच घाला ना, सगळेच प्रश्न मिटतील! मिटत नाहीत. ज्या वादळात रस्ते बंद असतात त्या वादळात छताखालच्या मैदानावर तरी माणसं कशी पोहोचणार? रस्त्याचा धोका छप्पर कमी करत नाही. ते फक्त खेळ काढून घेतं. आणि छपराचाही भरवसा किती? मिनेसोटाचा व्हायकिंग्ज संघ १९८१पर्यंत उघड्यावर खेळायचा. मग त्यांनी मेट्रोडोम बांधला. १२ डिसेंबर २०१०ला त्याचं हवेवर फुगवलेलं छप्पर बर्फाच्या भाराने फाटलं आणि टनावारी बर्फ मैदानात कोसळला. काही दिवसांनी एक घरचा सामना त्यांना विद्यापीठाच्या उघड्या मैदानावर खेळावा लागला, बर्फातच.

छपरामागचं खरं कारण पैसा आहे, आणि ते लपवलेलंही नाही. छत असलं की बाराही महिने जलसे भरवता येतात, सुपर बोल, म्हणजे लीगचा वार्षिक अंतिम सामना, मागता येतो. क्लीव्हलँडचा ब्राऊन्स संघ तळ्याकाठचं उघडं मैदान सोडून ब्रूक पार्क या उपनगरात २४० कोटी डॉलरच्या छताखाली जायला निघाला आहे, आणि त्यातले ६० कोटी ओहायो राज्य देऊ करतं आहे. शिकागोचा बेअर्स संघही छपराच्या मागे आहे. डेन्व्हर उघडझाप होणाऱ्या छताचा आराखडा करत आहे. उघड्यावरचा सुपर बोल थंड शहराला आजवर एकदाच मिळाला, फेब्रुवारी २०१४ला न्यू जर्सीत, तेव्हा हवा चक्क सौम्य होती. बर्फ पडला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या वेळी मला फार हळहळ वाटली होती.

जलसे भरवायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो शहराच्या तिजोरीतून पैसे घेऊन त्या शहराचं हवामानच पुसून टाकायला. छत, कृत्रिम गवत, २१ अंशांवर स्थिर हवा. असं मैदान क्लीव्हलँडमध्ये आहे की अटलांटात, हे आत बसलेल्याला कळणार नाही. तळ्याकाठी राहणाऱ्या माणसाने वर्षातले पाच महिने फावडं चालवायचं, मिठाने गंजलेली गाडी दुरुस्त करायची, आणि त्याच्या करातून उभ्या राहिलेल्या मैदानात त्याचा हिवाळा मात्र वर्ज्य! बफलोने इथे वेगळा रस्ता धरला, म्हणून त्या शहराबद्दल मला आदर आहे. त्यांच्या नव्या मैदानातही राज्याचे आणि काउंटीचे मिळून ८५ कोटी डॉलर आहेत, आणि एवढा सरकारी पैसा खासगी संघाला देणं मला मुळातच पटत नाही. पण निदान ते मैदान उघडं आहे. बऱ्याचशा प्रेक्षकांच्या डोक्यावर आडोसा येईल असा त्याचा आकार केला आहे, मैदानाखाली उष्णतेची सोय आहे, मात्र वर आकाश आहे. माणसांना आडोसा आणि खेळाला आकाश, ही वाटणी मला बरोबर वाटते.

जुन्या मैदानावरचा एक सामना मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवतो. १४ जानेवारी २०२४च्या रविवारी तिथे बिल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्स भिडायचे होते. वादळ आलं, राज्यपाल कॅथी होकल यांनी सामना सोमवारी हलवल्याचं जाहीर केलं. लगेच ओरड झाली की फुटबॉल नाजूक झाला. त्या दिवशी रस्त्यांवर वाहनबंदी होती. मग संघाने ताशी २० डॉलर देऊन फावडं चालवायला माणसं बोलावली, आणि तरीही सोमवारी दुपारी मैदानातली आसनं बर्फाने गच्च भरलेली होती. लोक आले, आपापली रांग शोधली आणि हातमोज्यांनी खणायला लागले. आधी पाठ टेकायची जागा, मग बसायची, मग त्याखाली आपला आसन क्रमांक. काहींनी बसायच्या आधी शेजाऱ्याचंही आसन मोकळं करून दिलं. जॉश अ‍ॅलन ५२ यार्ड पळत टचडाउनपर्यंत गेला, तेव्हा त्या सगळ्यांनी पायाशी साठलेला बर्फ ओंजळी भरभरून वर उधळला.